५,९५,०४२ वा दिवस

काही महिन्यांपूर्वी मी एका मराठी लेखाचा हिंदी अनुवाद तपासत होतो. लेखात शिवाजी महाराजांच्या जन्माची जेधे शकावलीतली नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. शेजारी इंग्रजी तारीख, १९ फेब्रुवारी १६३०. वार जुळतो का हे पाहायला मी पायथन या संगणकभाषेतले कॅलेंडर वापरले. उत्तर आले, मंगळवार. शकावलीतला वार चुकला आहे, अशी टीप समासात लिहायला मी पेन्सिल उचललीही होती.

खात्रीसाठी टर्मिनलची खिडकी उघडून ‘कॅल’ ही आज्ञा दिली. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून चालत आलेला हा छोटासा प्रोग्राम. महिना आणि वर्ष सांगितले की त्या महिन्याचे पान छापतो. फेब्रुवारी १६३० च्या पानावर १९ तारीख शुक्रवारच्या रकान्यात होती. एकाच संगणकावर दोन उत्तरे! मग ‘कॅल’ हिशेब करतो तरी कसा, ते पाहणे भाग पडले.

त्याच्याजवळ जुन्या दिनदर्शिकांचा साठा नसतो. तो फक्त दिवस मोजतो. इसवी सन १ ची १ जानेवारी शनिवारी धरायची, तिथून वर्षाला ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा. ही मोजणी कागदावरही होते. १६३० च्या आधीच्या १६२९ वर्षांचे ५,९४,५८५ दिवस, लीप वर्षांचे ४०७, आणि १९ फेब्रुवारीपर्यंतचे ५०. एकूण ५,९५,०४२. सातने भागले की बाकी शून्य. पहिला दिवस शनिवार, म्हणून सातवा शुक्रवार, आणि ५,९५,०४२ वा दिवसही शुक्रवारच.

ही मोजणी जुन्या, ज्युलियन पद्धतीची. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली ती सुधारली, तेव्हा पोर्तुगाल आणि स्पेन यांनी गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर धरला. प्रोटेस्टंट इंग्लंडने तेच करायला १७५२ साल उजाडू दिले. तिथे बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. ‘कॅल’ इंग्लंडचे ऐकतो. सप्टेंबर १७५२ मागितला तर १९ दिवसांचा महिना छापतो. त्याच्या एका जुन्या आवृत्तीच्या मूळ मजकुरात ६३९७९९ हा आकडा लिहिलेला आहे. तो ३ सप्टेंबर १७५२ चा क्रमांक. तिथून ११ तारखा गाळायच्या. नव्या काही आवृत्त्यांत दुसरी पद्धत निवडता येते, पण न सांगता मिळते ती इंग्लंडचीच. पायथन मात्र आजची पद्धत सन १ पर्यंत मागे नेतो. त्याच्या लेखी आपला शुक्रवार म्हणजे १ मार्च १६३०. चूक त्याची नव्हती. मी जुन्या पद्धतीची तारीख नव्या पद्धतीला विचारली होती.

‘कॅल’ही सगळे सांगत नाही. इंग्लंडचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. ‘कॅल’ प्रत्येक वर्ष जानेवारीपासूनच धरतो, आणि हे इतिहासाला धरून नाही अशी कबुली युनिक्सच्या जुन्या माहितीपुस्तिकेतच दिलेली आहे. म्हणजे त्या दिवशी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने पत्रावर १९ फेब्रुवारी १६२९ घातली असती, गोव्यातल्या पोर्तुगीजाने १ मार्च १६३०, आणि आपल्याकडच्या कारकुनाने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तीन दप्तरे, तीन तारखा, तीन वर्षे. तिघांत सारखा असता तो फक्त वार. इंग्लंड-पोर्तुगालने तारखा गाळल्या, पण बुधवारनंतर गुरुवार आणि गुरुवारनंतर शुक्रवार हा क्रम कुणी मोडला नाही.

शकावली लिहिणाऱ्याने तिथी दिली होती. वार दिला नसता तरी चालले असते. त्याने तो दिला म्हणून पावणेचारशेहून अधिक वर्षांनी त्याची नोंद तपासता आली. अनुवाद करताना असे जादा वाटणारे शब्द आपण सहज गाळतो. त्या हिंदी मसुद्यातही ‘शुक्रवार’ गळला होता.

मी पेन्सिलीने तो परत घातला. तारखेपुढे आणखी दोन शब्द लिहिले: जुनी पद्धत.