शासकीय कर्मचारी संघटना : हक्क आणि सदस्यत्व

शासकीय कर्मचारी संघटना : केंद्र शासन, राज्य शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या सेवेतील कर्मचाऱ्यांनी वेतन, भत्ते, बढती, बदली, निवृत्तिवेतन अशा समान प्रश्नांसाठी उभारलेली संघटना. भारतात अशी संघटना काढण्याचा आणि तिचे सदस्य होण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) मधून मिळतो. सरकारी नोकरी पत्करली म्हणून तो संपत नाही. तरीही नव्याने रुजू झालेल्या अनेकांचा असा समज असतो की संघटनेत जायला वरिष्ठांची परवानगी लागते, परिविक्षाकाळात तर तिकडे फिरकूच नये, आणि जिला शासनाची मान्यता नाही अशा संघटनेचे सदस्यत्व म्हणजे थेट शिस्तभंग. हा समज कायद्याला धरून नाही. त्यातला मान्यतेविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच निकालात काढला, आणि त्या खटल्याचा उगम मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत होता.

सरकारी नोकराला संघटना लागते कशाला, हा प्रश्न आधी घेतला पाहिजे, कारण त्याची नोकरी सुरक्षित समजली जाते. रोशनलाल टंडन खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने या नोकरीचे स्वरूप स्पष्ट केले. नेमणुकीची सुरुवात कराराने होते, पण पदावर रुजू झाल्यावर कर्मचाऱ्याचे नाते कराराचे राहत नाही, ते दर्जाचे होते. त्याच्या सेवाशर्ती कायदा व नियम ठरवतात आणि शासन ते नियम त्याच्या संमतीवाचून बदलू शकते. अनुच्छेद ३०९ ने नियम करण्याचा अधिकार ज्याला दिला, तोच त्याचा मालक. कारखान्यातला मालक कितीही बलाढ्य असला तरी कामगार कायदा त्याला स्वतः लिहिता येत नाही. शासनाला सेवानियम लिहिता येतात, त्यांचा अर्थ लावता येतो आणि त्यांच्याखाली चौकशीही करता येते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. त्या तारखेनंतर नेमणूकपत्र हाती घेणाऱ्या एकट्यादुकट्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला या अटीवर घासाघीस करायला जागाच नव्हती. ती जागा मिळू शकते ती फक्त सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेला.

यावर असे म्हटले जाते की अनुच्छेद ३११ चे संरक्षण आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, मग आणखी काय हवे? पण या दोन्हींचे काम वेगळे आहे. अनुच्छेद ३११ चौकशीशिवाय बडतर्फ होण्यापासून वाचवतो. न्यायाधिकरण नियमाचा भंग झाला का ते तपासते; महागाई भत्ता केंद्राइतका असावा का, रिक्त पदे न भरल्याने एका लिपिकाच्या टेबलावर तिघांचे काम येते ते रास्त का, हे ठरवणे त्याचे काम नाही. नियम पाळला गेला नसेल तर न्यायालयात जाता येते, पण नियमच अन्यायाचा असेल तर वाटाघाटीलाच बसावे लागते. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेला पाच दिवसांचा आठवडा कोणत्याही न्यायनिर्णयातून आलेला नाही. अधिकारी व कर्मचारी संघटनांची ती जुनी मागणी होती. निवेदने आणि बैठका यांच्या वाटेने ती मान्य झाली.

आता तो मुंबईचा खटला. महालेखापालांच्या मुंबई कार्यालयातील ई. एक्स. जोसेफ हे अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या सिव्हिल अकाउंट्स असोसिएशनचे सचिव होते. ही संघटना ज्या अखिल भारतीय संघटनेशी संलग्न होती, तिला १९५६ मध्ये मिळालेली मान्यता केंद्र शासनाने १९५९ मध्ये काढून घेतली. तेव्हाच्या केंद्रीय वर्तणूक नियमांतील ४-ब या नियमाप्रमाणे मान्यता नाकारलेल्या किंवा मान्यता गेलेल्या संघटनेत राहणे हाच अपराध होता. जोसेफ यांनी त्या अखिल भारतीय संघटनेचे सरचिटणीसपद सोडले नाही आणि १९६० मध्ये त्यांच्या हाती दोषारोपपत्र पडले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या तयारीसाठी झालेल्या निदर्शनांत भाग घेतल्याचा, म्हणजे नियम ४-अ मोडल्याचाही आरोप त्यांच्यावर होता. मुंबई उच्च न्यायालयाने नियम ४-ब रद्दबातल ठरवला. महालेखापाल घोष यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले, निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे आहे. शासनाचा युक्तिवाद असा होता की कर्मचाऱ्यांत शिस्त राहिली तरच सार्वजनिक सुव्यवस्था राहते, म्हणून हे बंधन संविधानात बसते. न्यायालयाने विचारले ते इतकेच की या बंधनाचा सुव्यवस्थेशी जवळचा आणि थेट संबंध आहे काय. मान्यता देणे वा काढणे ही शासनाची प्रशासकीय कृती. ती कोणत्याही कारणाने होऊ शकते. नागरिकाचा मूलभूत हक्क अशा कृतीवर टांगता ठेवला तर त्या हक्काला अर्थच उरत नाही. त्याच वर्षी कामेश्वर प्रसाद खटल्यात बिहार शासनाचा सरसकट निदर्शनबंदीचा नियमही गेला. शांततापूर्ण निदर्शने हे अभिव्यक्तीचे एक रूप ठरले. मात्र संप हा मूलभूत हक्क नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात बजावले.

यातून निघणारा भेद नीट लक्षात ठेवायला हवा, कारण कचेरीतल्या चर्चेत हक्क, नोंदणी आणि मान्यता यांची सरमिसळ फार होते. संघटना काढण्याचा हक्क मूलभूत आहे. नोंदणीने संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळते. मान्यतेने चर्चेचे दार उघडते, आणि ती मिळणे हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलीस कर्मचाऱ्यांच्या १९८६ च्या खटल्यात म्हटले आहे. नोंदणीच्या वाटाही सर्वांना सारख्या नाहीत. कामगार संघटना अधिनियम, १९२६ हा उद्योगांतील कामगारांसाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. राज्याची सार्वभौम कामे करणारा वर्ग १९२६ च्या कायद्याच्या चौकटीत बसत नाही, या कारणाने मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतील अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघटनेची नोंदणी नाकारणे योग्य ठरवले होते. म्हणून सचिवालय, महसूल, कोषागार अशा खात्यांतील संघटनांना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चा मार्ग उरतो. महापालिकांचे तसे नाही. नागपूर महापालिकेच्या खटल्यात (१९६०) सर्वोच्च न्यायालयाने पाणीपुरवठा, दिवाबत्ती, अग्निशमन, आरोग्य अशा विभागांना उद्योग मानले आणि सफाई कामगारांपासून कारकुनांपर्यंत बहुतेकांना कामगार कायद्याचे छत्र मिळाले. एसटीसारख्या महामंडळात महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता अधिनियम लागू पडतो. सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सदस्य असलेली संघटना तेथे मान्यतेसाठी अर्ज करू शकते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मान्यतेचे नियम १९९३ चे आहेत. संवर्गातील किमान ३५ टक्के कर्मचारी सदस्य असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकते. दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला किमान १५ टक्के पुरतात. सदस्यसंख्या मोजतात ती वेतनातून होणाऱ्या वर्गणीच्या कपातीवरून, आणि एका कर्मचाऱ्याला एकाच संघटनेसाठी कपात मंजूर करता येते. मान्यता पाच वर्षांची असते. बदल्यात अटी आहेत : पदाधिकारी सदस्यांतूनच निवडायचे, जात वा धर्म हा सदस्यत्वाचा पाया ठेवायचा नाही, राजकीय निधी उभारायचा नाही, एकेकट्याची सेवाप्रकरणे चालवायची नाहीत. शेवटची अट सर्वांत जाचक आहे, कारण बऱ्याच सदस्यांना संघटनेची आठवण होते ती स्वतःच्याच बदलीच्या किंवा निलंबनाच्या वेळी. मान्यताप्राप्त संघटनांना १९६६ पासून चालत आलेल्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत स्थान मिळते. ब्रिटनमधील व्हिटली परिषदांच्या धर्तीवर उभारलेल्या या यंत्रणेच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन विषयांवर एकमत झाले नाही तर प्रश्न सक्तीच्या लवादाकडे जातो.

सदस्य होण्याची रीत साधी आहे. आपल्या संवर्गाची किंवा खात्याची संघटना शोधावी, तिची घटना वाचावी, अर्ज भरून वर्गणी द्यावी आणि पावती जपून ठेवावी. महाराष्ट्रात खातेनिहाय संघटना असतात आणि त्या राज्य सरकारी कर्मचारी मध्यवर्ती संघटनेसारख्या शिखर संस्थांशी जोडलेल्या असतात. राजपत्रित अधिकाऱ्यांचा महासंघ वेगळा आहे. विभागप्रमुखाची पूर्वपरवानगी लागत नाही. घटना वाचताना तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात : वार्षिक सभा खरोखर होते का, हिशेब तपासले जातात का, आणि निवडणुका वेळेवर होतात का. दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या फाटकाशी भरणारी द्वारसभा आणि काळ्या फिती लावून केलेले काम यांवरून संघटना जागी आहे एवढे कळते. ती सदस्यांना जबाबदार आहे की नाही हे हिशेबाच्या वहीतूनच कळते.

अपवाद आहेत. अनुच्छेद ३३ प्रमाणे सैन्यदले व पोलीस यांचा हा हक्क संसद मर्यादित करू शकते, आणि पोलिसांबाबत तसा कायदा १९६६ मध्ये झाला. मंजुरीशिवाय पोलिसाला संघटनेचे सदस्य होता येत नाही. ऑगस्ट १९८२ मधील मुंबई पोलिसांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात पोलीस शिपायांची संघटना मोडीत निघाली. शस्त्रधारी दलाला संपाची मुभा नसावी हे पटण्याजोगे आहे. पण शिपायाच्या ड्यूटीचे तास आणि त्याचे घर यांविषयी बोलणारी संस्थाच नसावी, हे त्यातून निघत नाही.

संघटनेविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप संपाचा आहे. दाखल्यासाठी खेटे घालणारा शेतकरी आणि सरकारी दवाखान्यातला रुग्ण यांनी कर्मचाऱ्यांच्या भांडणाची किंमत का मोजावी? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. त्या काळात सामान्य माणसाची कामे अडलीच. तमिळनाडूत २००३ मध्ये लाखाहून अधिक संपकरी एका फटक्यात सेवामुक्त झाले, आणि टी. के. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा कायदेशीर वा नैतिक हक्कही नाही इथपर्यंत मजल मारली. पुढे माफी व हमी लिहून घेऊन बहुतेकांना परत घेतले गेले. जुन्या निवृत्तिवेतनासाठी महाराष्ट्रात १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला संप अभ्यास समिती व आश्वासनानंतर २० मार्चला मागे घेतला गेला. संप हे महागडे आणि कायद्याने असुरक्षित हत्यार आहे. त्या काळाचे वेतन जाते, सेवेत खंड पडण्याची टांगती तलवार असते, अत्यावश्यक सेवांचा कायदा (मेस्मा) लागला तर अटकही होऊ शकते. पण हा सगळा युक्तिवाद संपाविरुद्धचा आहे, संघटनेविरुद्धचा नाही. चर्चेचे टेबल आणि लवाद जिथे वेळेवर चालतात तिथे संपाची पाळी क्वचित येते. लोकांचे हाल टळावेत असे ज्याला मनापासून वाटते त्याने संघटना दुबळी करण्याऐवजी राज्यातही सक्तीच्या लवादाची मागणी करावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे संघटनस्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाट यांविषयीचे ८७ व ९८ क्रमांकाचे करार भारताने आजही स्वीकारलेले नाहीत, आणि सरकारी नोकरांबाबतची अडचण हे त्याचे कारण म्हणून पुढे केले जाते.

संघटना कामचुकारांना पाठीशी घालते, हा दुसरा आक्षेप. काही ठिकाणी तसे घडते, आणि ते घडते तिथे संघटनेचीच पत जाते. पण कामचुकारावर कारवाई करण्याचे अधिकार सेवानियमांनी वरिष्ठांना दिलेले आहेत. ते वापरले गेले नाहीत तर दोष संघटनेच्या माथी मारता येत नाही.

आज शासनाची मोठी कामे कंत्राटी, बाह्यस्रोत आणि मानधनावरच्या माणसांकडून होतात. अंगणवाडी सेविका नागरी पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात (२००६) ठरवले. तरी त्यांनी स्वतःच्या संघटना बांधल्या आणि मानधनवाढ मिळवली. नियमित कर्मचाऱ्यांच्या मान्यताप्राप्त संघटना एकाच संवर्गापुरत्या बांधलेल्या असल्याने शेजारच्या टेबलावरचा कंत्राटी संगणकचालक त्यांच्या सदस्यत्वाबाहेर राहतो. सदस्यत्वाचा नियम बदलेपर्यंत निदान मागणीपत्रात त्याचे वेतन आणि सेवेची शाश्वती हे मुद्दे घ्यावेत, आणि नव्या सदस्याने पहिल्याच वार्षिक सभेत तसा ठराव मांडावा.