डायलिसिसचा रक्तमार्ग व हृदयविकार

डायलिसिससाठी रक्त यंत्रात नेण्या-आणण्याकरिता जो मार्ग करावा लागतो, त्यामुळे हृदयाला होणारे अपाय. फिस्टुला (हाताची रोहिणी व नीला यांची जोडणी), कृत्रिम नळीची ग्राफ्ट आणि बहुधा मानेतील मोठ्या नीलेत घातलेले कॅथेटर असे या मार्गाचे प्रकार आहेत.

न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला मनगटाचा फिस्टुला आजही पहिल्या पसंतीचा आहे. त्याचा भार मात्र हृदयावर पडतो. मनगटाच्या रोहिणीतून एरवी मिनिटाला जेमतेम २०–३० मिलिलिटर रक्त वाहते. फिस्टुला तयार झाल्यावर हा प्रवाह ६००–१,२०० मिलिलिटरपर्यंत जातो. एवढे रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून परतते आणि हृदयाला तितके अधिक ढकलावे लागते. बहुतेकांना ते झेपते. प्रवाह दीड-दोन लिटरांवर गेला, किंवा हृदय आधीच दुबळे असले, की डावा कप्पा फुगतो, त्याची भिंत जाडावते, फुप्फुसांतील रक्तदाब चढतो आणि हृदय थकते. कोपराजवळच्या फिस्टुलात हा धोका अधिक.

धाप आणि पायांवरची सूज दिसली की ‘पाणी जास्त प्यायलात’ असे म्हणून रुग्णालाच दोष दिला जातो. पाणी काढून वजन ठरलेल्या पातळीला आणल्यावरही धाप टिकली, तर फिस्टुल्याचा प्रवाह डॉप्लर या ध्वनिलहरींच्या तपासणीने मोजायला हवा. डॉक्टरांनी फिस्टुला क्षणभर दाबल्यावर नाडी मंदावणे ही निकोलादोनी-ब्रॅनहॅम खूण एकोणिसाव्या शतकातील, म्हणजे डायलिसिसच्याही आधीची आहे. प्रवाह जास्त ठरल्यास शस्त्रक्रियेने वाट अरुंद करतात. क्वचित फिस्टुला बंद करतात.

छातीतील डावी रोहिणी वापरून बायपास झालेल्या रुग्णाच्या डाव्या हातात फिस्टुला केल्यास हृदयाकडचे रक्त हाताकडे ओढले जाऊन डायलिसिस चालू असताना छातीत दुखू शकते. अशा वेळी उजवा हात बरा.

तरीही फिस्टुल्याच्या भीतीने कॅथेटरवर राहणे शहाणपणाचे नाही. कॅथेटरवाटे शिरलेले स्टॅफिलोकॉकस जंतू हृदयाच्या झडपा कुरतडतात, उजव्या कर्णिकेत गुठळी धरते. कॅथेटर बसवताना वापरलेली तार हृदयाला आतून टेकली तर ठोके बिघडतात.

मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाल्यावर फिस्टुला निरुपयोगी होतो, पण वाहत राहतो. तो बंद केल्यावर डाव्या कप्प्याचे वाढलेले वस्तुमान घटते, असे ऑस्ट्रेलियातील २०१९ च्या चाचणीत दिसले. रोपित मूत्रपिंड पुढे निकामी झाले तर नवा मार्ग शोधावा लागेल, म्हणून तो सरसकट बंद केला जात नाही.