खाल्ल्या मिठाचा हिशेब

मूत्रपिंडाचे काम रक्त गाळण्याचे, असे आपण शाळेत शिकतो. परंतु नुसते गाळणेच चालू राहिले, तर मनुष्य काही तासांतच प्राणास मुकेल. निरोगी प्रौढाच्या मूत्रपिंडांत दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील सोडियम मिठाच्या मापाने मोजल्यास जवळजवळ दीड किलो भरेल. पैकी शेकडा ९९ हून अधिक भाग सूक्ष्म नलिका रक्तास परत करतात. हे परत घेणे कोणत्या बळावर चालते, हा प्रश्न विद्वानांना शंभर वर्षांहून अधिक काळ छळीत होता. त्याचीच हकीकत आम्ही येथे सांगत आहो.

१८४२ साली कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादिले, की रक्तदाबामुळे केशवाहिन्यांच्या गुच्छातून द्रव गाळला जातो आणि पुढे नलिकांतून त्याचा बराचसा भाग परत शोषला जातो. या साऱ्या व्यापारास भौतिक नियम पुरेसे आहेत, असा त्याचा आग्रह होता. रुडॉल्फ हायडेनहाइनने १८७४ साली रंगद्रव्याचे प्रयोग करून उलट पक्ष उचलला. मूत्र घडते ते जिवंत पेशींच्या स्रावाने, असे तो म्हणे. एवढा द्रव गाळून पुन्हा परत घ्यावयाचा, हे त्यास पटेना.

निवाडा झाला तो बेडकाच्या साक्षीने. १९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्न व रिचर्ड्स यांनी केसासारख्या बारीक काचनळीने गुच्छातला द्रव काढून तपासला. त्यात साखर व क्लोराइड होते. मूत्राशयातील मूत्रात मात्र नव्हते. म्हणजे वाटेत ते परत घेतले गेले होते. लुडविगची गाळणी खरी ठरली.

पण बळ कोणाचे? कोपनहेगनच्या हान्स उसिंगने १९५१ च्या सुमारास बेडकाच्या कातडीवर दाखविले, की सोडियम नेण्यासाठी पेशी स्वतःची ऊर्जा खर्चितात. १९५७ मध्ये येन्स स्कू यास खेकड्याच्या मज्जातंतूंत त्या कामाचे विकर सापडले; त्याबद्दल त्यास १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हाच पंप नलिकेच्या पेशींत रक्ताच्या बाजूस असतो. तो सोडियम रक्ताकडे लोटतो. पेशीत तुटवडा पडतो, आणि नलिकेतला सोडियम साखरेलाही सोबत घेऊन आत शिरतो.

तेव्हा वाट लुडविगने ओळखली होती. वाटचालीस जिवंत पेशीचे श्रम लागतात, ही हायडेनहाइनची जाणीवही पोकळ नव्हती. मूत्रपिंड वापरते त्या प्राणवायूचा मोठा वाटा याच कामी खर्च होतो. खाल्ल्या मिठाला जागणे शरीरालाही फुकट साधत नाही.