नग १३२, दर ३० पौंड : ‘झाँग’ जहाजाचा विमादावा (१७८३)

१/ वाद वरवर पाहता अगदी साधा होता. जहाजावरील मालाचा विमा उतरवलेला होता. प्रवासात मालाचा काही भाग नष्ट झाला. मालकांनी भरपाई मागितली, विमाकर्त्यांनी ती नाकारली. ६ मार्च १७८३ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये हा दावा ज्यूरीसमोर उभा राहिला. मागणी होती नगामागे ३० पौंडांची. नग होते १३२. हे नग म्हणजे जिवंतपणी समुद्रात फेकलेली माणसे होती.

२/ आजचा धागा ‘झाँग’ या जहाजाविषयी. अटलांटिक गुलाम-व्यापाराच्या इतिहासात हे प्रकरण हत्याकांड म्हणून सांगितले जाते, आणि ते हत्याकांडच होते. पण आपण ते विम्याच्या दाव्यावरील भांडण म्हणून वाचणार आहोत. कारण हे भांडण न्यायालयात गेले नसते, तर ही घटना जगाला बहुधा कळलीच नसती.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूल हे इंग्लंडमधील गुलाम-व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते. जहाजे माल घेऊन पश्चिम आफ्रिकेला जात, तिथे माणसे विकत घेत, ती कॅरिबियन बेटांवर विकत आणि साखरेसारखा माल घेऊन परतत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जे दिले जाई, त्यात भारतातील सुती कापड आणि मालदीवच्या कवड्याही असत. हा व्यापार वाटतो तितका आपल्यापासून दूरचा नव्हता.

४/ ‘झाँग’ हे मुळात डच जहाज. त्याचे मूळ नाव ‘झोर्ग’, डच भाषेत त्याचा अर्थ ‘काळजी’. फेब्रुवारी १७८१ मध्ये ब्रिटिशांनी ते युद्धातील लूट म्हणून पकडले, तेव्हा त्यावर २४४ आफ्रिकी बंदिवान होते. विल्यम ग्रेगसन आणि त्याच्या भागीदारांसाठी ते बंदिवानांसकट विकत घेण्यात आले. ग्रेगसन हा लिव्हरपूलचा माजी महापौर. कप्तान नेमला गेला ल्यूक कॉलिंगवूड. तो पेशाने जहाजावरचा शल्यवैद्य होता आणि कप्तान म्हणून ही त्याची पहिलीच सफर होती.

५/ १८ ऑगस्ट १७८१ रोजी ‘झाँग’ने अक्रा सोडले. जहाजावर ४४२ बंदिवान होते. जहाजाच्या आकारमानाच्या मानाने ही संख्या फार मोठी होती आणि खलाशी मात्र अवघे सतरा. जहाजाचा आणि ‘माला’चा मिळून सुमारे ८,००० पौंडांचा विमा होता. विमापत्रात प्रत्येक बंदिवानाची किंमत ३० पौंड अशी आधीच ठरलेली होती.

६/ आता विम्याचा नियम समजून घेऊ, कारण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. विमाकर्ता सागरी संकटांची भरपाई देतो. वादळ, शत्रूचा हल्ला, आग ही ती संकटे. मालाच्या अंगभूत दोषाने होणारे नुकसान मात्र तो देत नाही. फळे प्रवासात आपोआप सडली, तर तो तोटा मालकाचा. हे तत्त्व आजही जिवंत आहे आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही ते आढळते.

७/ हेच तत्त्व माणसांना लावले गेले. बंदिवान आजाराने मेला, तर तो ‘नैसर्गिक मृत्यू’. निराशेने त्याने स्वतःचा जीव घेतला, तरी तोही नैसर्गिक मृत्यूच. दोन्ही वेळा भरपाई नाही. पण जहाज वाचवण्यासाठी मालाचा काही भाग नाइलाजाने समुद्रात टाकावा लागला, तर त्याची भरपाई मागता येत असे. ‘नाइलाजाने’ हा शब्द ध्यानात ठेवा.

८/ प्रवास लांबला. रोगराईने बंदिवानांपैकी साठहून अधिक जण आणि काही खलाशी दगावले. कप्तान स्वतः आजारी पडला. नोव्हेंबरमध्ये जहाज टोबॅगोजवळून गेले, पण पाणी भरून घेण्यासाठी थांबले नाही. महिनाअखेरीस जमैकाचा किनारा दिसला. मात्र तो फ्रेंचांच्या ताब्यातील सेंट डोमिंगचा आहे, असे समजून जहाज पुढे हाकारले गेले. चूक ध्यानात आली तेव्हा ते बेटापासून सुमारे ३०० मैल पश्चिमेला गेले होते आणि परतीचा मार्ग वाऱ्याच्या विरुद्ध होता.

९/ खलाशांच्या म्हणण्यानुसार पाणी चार दिवस पुरेल इतकेच उरले होते आणि जमैका गाठायला किमान दहा दिवस लागणार होते. २९ नोव्हेंबरला बैठक झाली. पुढे नोंदल्या गेलेल्या हकिगतीप्रमाणे कप्तानाने मांडलेला हिशेब असा : हे लोक जहाजावर मेले तर तोटा मालकांचा, जिवंत असताना समुद्रात टाकले तर तोटा विमाकर्त्यांचा.

१०/ त्याच दिवशी ५४ स्त्रिया व मुलांना केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात ढकलण्यात आले. त्यानंतर ४२ पुरुषांना. पुढच्या काही दिवसांत ३६ जणांची तिसरी तुकडी. हात बांधले जाण्याआधीच दहा जणांनी स्वतः पाण्यात उडी घेतली, अशीही नोंद आहे. जहाजावरचा पहिला अधिकारी जेम्स केल्सॉल याने आपल्या शपथपत्रात एका बंदिवानाची विनवणी नमूद केली आहे : आम्हाला अन्नपाणी देऊ नका, पण जिवंत राहू द्या. ती कोणी मानली नाही.

११/ २२ डिसेंबर १७८१ रोजी जहाज जमैकाच्या ब्लॅक रिव्हर बंदरात पोहोचले. जहाजावर २०८ बंदिवान उरले होते. त्यांची विक्री झाली. काही दिवसांतच कॉलिंगवूड मरण पावला. मालकांनी विमाकर्त्यांकडे दावा दाखल केला : पाण्याच्या टंचाईमुळे नाइलाजाने १३२ नग टाकावे लागले, दर ३० पौंड. म्हणजे ३,९६० पौंड.

१२/ विमाकर्त्यांनी पैसे देण्यास नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. नोंदीत खटल्याचे नाव आहे ‘ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट’. ग्रेगसन मालकांपैकी, गिल्बर्ट विमाकर्त्यांपैकी. ज्यूरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला. इंग्लंडच्या कायद्याच्या दृष्टीने प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती.

१३/ ते संपले नाही, याचे श्रेय एका माणसाकडे जाते. १९ मार्च १७८३ रोजी ओलाउडा इक्वियानो हा, पूर्वी स्वतः गुलामगिरी भोगलेला आणि स्वतःचे पैसे भरून मुक्त झालेला आफ्रिकी गृहस्थ, ग्रॅनव्हिल शार्प यांच्या दारी गेला आणि त्याने ही बातमी त्यांना सांगितली. शार्प अनेक वर्षे गुलामगिरीविरुद्ध न्यायालयीन लढे देत होते. विमाकर्त्यांनी फेरसुनावणीची मागणी केली, तेव्हा शब्दन् शब्द टिपून घेण्यासाठी शार्प यांनी लघुलेखक नेमला. आज आपण वाचतो तो वृत्तान्त त्यामुळेच उरला आहे.

१४/ २१ आणि २२ मे १७८३ रोजी किंग्ज बेंच न्यायालयात सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे सुनावणी झाली. मॅन्सफील्ड म्हणजे १७७२ च्या सॉमरसेट खटल्यात, गुलामाला इंग्लंडबाहेर जबरदस्तीने नेता येणार नाही, असा निर्णय देणारे न्यायाधीश. मालकांचे वकील सॉलिसिटर जनरल जॉन ली यांची भूमिका स्पष्ट होती : हा मालमत्तेचा प्रश्न आहे, इथे खुनाची भाषा करणे वेडेपणाचे आहे.

१५/ विमाकर्त्यांच्या वकिलांनी हा खून आहे हेही मांडले, पण दाव्याला खरा तडा गेला तो साध्या तपशिलांनी. कोणताही विमादावा असाच तपासला जातो, म्हणून हे तीन मुद्दे नीट पाहा.

पहिला : नुकसानीचे कारण. दाव्यात सागरी संकटे आणि प्रतिकूल प्रवाहांमुळे उशीर झाल्याचे म्हटले होते. साक्षीतून मात्र दिसले की बेट ओळखण्यात कप्तानाची चूक झाली. माणसाची चूक हे सागरी संकट नव्हे.

१६/ दुसरा : निकड. एकाही माणसाला पाणी कमी देण्यास सुरुवात झालेली नसताना हत्या सुरू झाल्या होत्या. मग नाइलाज कुठला?

तिसरा : पाऊस. तिसरी तुकडी समुद्रात टाकण्यापूर्वी जोराचा पाऊस पडला आणि पिंपांत पाणी साठवता आले. जहाज जमैकाला पोहोचले तेव्हा त्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होते. पावसाची ही गोष्ट ऐकून खुद्द मॅन्सफील्डही चकित झाले.

१७/ हे सारे पडताळून पाहण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे जहाजाची रोजनिशी. ती गहाळ झाली होती. कप्तान मरण पावलेला. हत्याकांडाचा प्रत्यक्षदर्शी म्हणून न्यायालयात उभा राहिला तो एकटा प्रवासी रॉबर्ट स्टब्ज, आणि जोडीला केल्सॉलचे लेखी शपथपत्र. वाचलेल्या २०८ जणांनीही हे सर्व पाहिले होते. त्यांची साक्ष घ्यावी, असे कोणाच्या मनातही आले नाही. मालाची साक्ष कोण काढणार?

१८/ मॅन्सफील्ड यांनी पहिल्या निकालाचा अर्थ सांगताना म्हटले की, हे ऐकून मनाला धक्का बसत असला तरी ज्यूरीच्या दृष्टीने गुलामांची बाब घोडे समुद्रात टाकण्यासारखीच होती. हे वाक्य पुढे कुप्रसिद्ध झाले. त्याच सुनावणीच्या शेवटी त्यांनी फेरखटल्याचा आदेश दिला. दाव्यात सांगितलेले कारण आणि पुराव्यातून दिसणारे कारण जुळत नव्हते, आणि निकड सिद्ध झाली नव्हती. असा फेरखटला झाल्याची नोंद सापडत नाही.

१९/ आदेशाचा अर्थ नीट समजून घ्या. माणसे मारली म्हणून मालक अडचणीत आले नाहीत. माणसे मारण्याची ‘गरज’ दाखवता आली नाही, म्हणून आले. दाव्याचा कागद अधिक काळजीपूर्वक लिहिलेला असता, रोजनिशी हजर असती आणि पाऊस पडला नसता, तर तीच कृत्ये भरपाईस पात्र ठरली असती. विमाकर्तेही या कथेतले नायक नव्हेत. हप्ते घेऊन हा व्यापार सुरक्षित करणारे तेच होते.

२०/ २ जुलै १७८३ रोजी शार्प यांनी सर्व कागदपत्रे नौदलाच्या प्रमुख कार्यालयाला, ॲडमिरल्टीला, पाठवली आणि खुनाचा खटला भरण्याची मागणी केली. खटला कोणावरही झाला नाही. पण प्रकरण विसरले गेले नाही. १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलाम-व्यापार बंद करण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि ‘झाँग’ची हकिगत तिच्या प्रचारात पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

२१/ १७८८ च्या डॉल्बेन कायद्याने जहाजांवरील बंदिवानांच्या संख्येला मर्यादा घातली. त्याच मालिकेतील पुढील कायद्यांनी, कोणत्याही कारणास्तव समुद्रात टाकलेल्या गुलामांबद्दल विम्याची भरपाई मिळणार नाही, असे ठरवले. १८०७ मध्ये ब्रिटिश गुलाम-व्यापार बंद झाला. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा आला आणि त्यासोबत दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाईही. ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना मिळाली.

२२/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण अशी कागदपत्रे वाचतो, तेव्हा एक गोष्ट सतत मनात ठेवावी लागते. या प्रकरणात मालकाचे नाव आहे, विमाकर्त्याचे आहे, वकिलांचे, न्यायाधीशांचे, अगदी प्रवाशाचेही आहे. समुद्रात टाकलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. कागद हिशेबासाठी लिहिले गेले आणि हिशेबाला फक्त संख्या लागते.

२३/ तरीही त्याच हिशेबाच्या भांडणातून ती एक विनवणी आपल्यापर्यंत पोहोचली आहे : अन्नपाणी देऊ नका, पण जिवंत राहू द्या. दोन्ही पक्षांच्या दृष्टीने त्या वाक्याचे मोल एवढेच, की त्यातून पाण्याची निकड किती होती हे कळावे. आपण ते एका माणसाचे वाक्य म्हणून वाचू शकतो. असे जुने दावे, हिशेब आणि शपथपत्रे चाळताना हेच करत राहायचे आहे.

धागा समाप्त. प्रश्न, शंका आणि दुरुस्त्या अवश्य लिहा.