डोळ्यावरील पट्टीचा इतिहास

निरोगी डोळा झांकून दुबळ्या डोळ्याकडून काम करवून घ्यावें, हा विचार नवा नाहीं. बगदादच्या साबित इब्न कुर्रा या विद्वानानें नवव्या शतकांतच तिरळेपणावर हा उपाय सुचविला होता. १७४३ सालीं फ्रान्समध्यें ब्युफाँ यानें तिरळेपणाचा संबंध दोन डोळ्यांच्या असमान शक्तीशीं जोडून त्याचाच पुरस्कार केला.

परंतु डोळा निर्दोष दिसत असतां दृष्टि मंद कां, हें कोडें दीर्घकाळ सुटलें नव्हतें. १९६० नंतर ह्यूबेल व वीझेल यांनीं मांजरीच्या पिलांचा एक डोळा मिटवून दाखविलें कीं, बाल्यांत ज्या डोळ्याला काम नसतें, त्याची मेंदूंतील जागा दुसरा डोळा बळकावतो. म्हणूनच हा उपचार लहानपणीं करणें अगत्याचें. २००३ सालीं अमेरिकेंत मध्यम दोषाच्या बालकांना दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरली. पुढें पडद्यावरील खेळ निघाले. तथापि २०१६ च्या तुलनेंत ते पट्टीहून सरस ठरले नाहींत.

खरी अडचण उपायाची नसून दोष ओळखण्याची आहे. एका डोळ्यानें नीट दिसत असल्यानें मूल तक्रारच करीत नाहीं. २०१३ सालीं पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला व अंगणवाड्या-शाळांतून तपासणीची सोय झाली. तिची वाट न पाहतां गिरणाकांठच्या भडगांवांतील मातेनेंही मुलाचा एकेक डोळा तळहातानें झांकून पाहावा. एकच डोळा झांकतांना मूल हात झिडकारूं लागलें, तर त्यास त्वरित नेत्रवैद्याकडे न्यावें. पट्टी केव्हांही मिळेल. बाल्याचा काळ पुन्हा मिळणार नाहीं.