पाखरू अलीचे, नाव साहेबाचे

पक्षी आणि अली ही नावे एकत्र आली, की आपल्याला मुंबईचे डॉ. सलीम अली आठवणार, हे ओघानेच आले. पण त्यांच्या जन्मापूर्वी चाळीस वर्षे मलायी बेटांत दुसरा एक अली पाखरांमागे हिंडत होता. त्याची हकीगत सांगावीशी वाटते.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे त्या बेटांत राहिला. त्याने १,२५,६६० नमुने जमवले. त्यांत पक्षी ८,०५०! एकट्या परक्या माणसाच्या हातून हे कसे व्हावे? तिथले सदाहरित रान इतके दाट, की पाखरू ऐकू येते पण दिसत नाही. तिथे जाणता सोबती हवाच.

१८५५ साली सारावाकमध्ये वॉलेसने अली नावाचा मलायी पोरगा कामाला ठेवला. पोरगा मोठा चलाख. स्वयंपाक करी, होडी हाकी. त्याच्याशी बोलता बोलता साहेब मलायी भाषा शिकला आणि साहेबापाशी तो बंदूक चालवायला व पाखरांची कातडी सोलायला शिकला.

ऑक्टोबर १८५८. बाचान बेटावर अली रानातून परतला तो कमरेला एक अजब पाखरू लटकावून. छातीवर चमकदार हिरवी ढाल आणि दोन्ही खांद्यांतून निघालेली दोन-दोन लांब पांढरी पिसे! स्वर्गपक्ष्यांची ही जात शास्त्राला ठाऊकच नव्हती. ब्रिटिश म्युझियमच्या जी. आर. ग्रे यांनी १८५९ साली तिचे बारसे केले: सेमिऑप्टेरा वॉलेसाय. पाखरू आणले अलीने, नाव लागले साहेबाचे.

वॉलेसने मात्र ते कोणी आणले हे लपवले नाही. १८६२ मध्ये सिंगापुरात निरोप घेताना त्याने अलीला पैसे व दोन बंदुका दिल्या, त्याचे छायाचित्र काढवले आणि १९०५ साली ते आत्मचरित्रात छापले.

१९०७ साली टर्नेट बेटावर टॉमस बार्बर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला एक म्हातारा भेटला. त्याने आपले नाव सांगितले, 'अली वॉलेस'! साहेबाचे नाव पाखराला लागले, तसे ते यानेही हक्काने लावून घेतले होते.

आज शेजारच्या हाल्माहेरा बेटावर प्रवासी या पक्ष्याचा नाच पाहायला जातात. हाती बंदुकीऐवजी दुर्बीण असते. पण पहाटेच्या अंधारात नेमक्या झाडाखाली नेणारा वाटाड्या अजूनही तिथल्याच गावचा असतो. म्हणून घरच्या मुलांना या पाखराचे चित्र दाखवताना मी आधी अलीचे नाव सांगतो, मग वॉलेसचे.