हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांचा हिशेब

१/
गुन्हेगाराला तुरुंगात धाडायचे की समाजात ठेवून सुधारायचे, हे कायदा आणि न्यायाधीश ठरवतात अशी आपली समजूत असते. १९६५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एक निराळाच प्रश्न विचारला : या निर्णयाचा खर्च कोणाच्या तिजोरीतून होतो? त्या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. १८४१ साली बोस्टनमधील जॉन ऑगस्टस या जोडे बनवणाऱ्या कारागिराने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यप्याचा जामीन भरला. काही आठवड्यांनी तो माणूस सुधारून परत आला आणि नाममात्र दंडावर सुटला. १८५९ मध्ये निधन होईपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार जणांची हमी घेतली.

३/
यातूनच परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, ही पद्धत जन्मली : शिक्षा स्थगित ठेवायची आणि अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली माणसाला घरी, कामावर राहू द्यायचे. मॅसॅच्युसेट्सने १८७८ साली तिचा कायदा केला, कॅलिफोर्नियाने १९०३ साली. एका कारागिराचे परोपकारी व्रत सरकारी खाते बनले. खाते म्हटले की अंदाजपत्रक आलेच.

४/
कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, मात्र स्वतःचा महसूल आणि स्वतःचे निवडून आलेले मंडळ असलेला. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा पगार काउंटी देई. राज्याच्या तुरुंगांचा आणि बालगुन्हेगारांसाठीच्या ‘यूथ ऑथॉरिटी’च्या सुधारगृहांचा खर्च मात्र मुख्यत्वे राज्य उचली. खरी मेख येथेच होती.

५/
न्यायाधीशाने एखाद्या तरुणाला परिवीक्षेवर ठेवले, तर भार काउंटीवर. राज्याच्या तुरुंगात धाडले, तर भार राज्यावर. म्हणजे महागातली महाग शिक्षा स्थानिक प्रशासनाला जवळजवळ फुकट! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरे काय? कोणी निर्दय नव्हते, पण व्यवस्थेचा उतारच तुरुंगाच्या दिशेने होता.

६/
त्यातच अनेक काउंट्यांत एकेका अधिकाऱ्याकडे इतकी माणसे सोपवलेली असत, की देखरेख कागदावरच राही. अशा परिवीक्षेवर न्यायाधीशाने विश्वास तरी कसा ठेवावा? १९६४ च्या एका शासकीय अभ्यासाने निष्कर्ष काढला, की राज्याच्या संस्थांत नव्याने येणाऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना चांगल्या देखरेखीखाली आपल्याच काउंटीत सुरक्षितपणे ठेवता येईल.

७/
१९६५ साली, पॅट ब्राउन गव्हर्नर असताना, परिवीक्षा अनुदान कायदा झाला. १९६६ पासून तो अमलात आला. सूत्र साधे होते. आधीच्या काही वर्षांच्या सरासरीवरून प्रत्येक काउंटीचे ‘पूर्वीचे प्रमाण’ ठरवायचे. त्याहून कमी माणसे राज्याकडे पाठवली, तर प्रत्येक टाळलेल्या रवानगीमागे काउंटीला कमाल ४००० डॉलर अनुदान.

८/
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पूर्वीच्या प्रमाणानुसार एखाद्या काउंटीने वर्षाला १०० जण पाठवायला हवे होते, तिने ७५ पाठवले. २५ गुणिले ४०००, म्हणजे एक लाख डॉलरपर्यंत रक्कम. हा पैसा रस्त्यांसाठी नव्हता. मोजक्याच माणसांवर बारकाईने लक्ष देणारी विशेष परिवीक्षा पथके उभारण्यासाठीच तो खर्चायचा होता.

९/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कायद्याने एकाही न्यायाधीशाचा अधिकार कमी केला नाही, एकाही गुन्ह्याची शिक्षा बदलली नाही. बदलला तो फक्त पैशाचा प्रवाह. आजवर जे अनुदान तुरुंगाच्या रूपाने नकळत मिळत होते, तेच आता तुरुंग टाळल्याबद्दल उघडपणे मिळू लागले.

१०/
परिणाम झपाट्याने दिसला. काउंट्यांकडून होणारी रवानगी घटली, यूथ ऑथॉरिटीच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या, १९७० च्या दशकाच्या आरंभी काही संस्था बंदही झाल्या. सारे श्रेय या एकाच कायद्याचे नव्हे. परंतु १९६७ साली सत्तेवर आलेल्या रोनाल्ड रीगन यांनीही डेमोक्रॅटिक पक्षाच्या काळातील ही योजना चालूच ठेवली. खर्च वाचवणारी सुधारणा दोन्ही पक्षांना मानवली.

११/
मग त्रुटी उघड्या पडल्या. महागाई वाढली, ४००० चा आकडा तिथेच राहिला. ज्या काउंट्या आधीपासूनच कमी माणसे पाठवत होत्या, त्यांना ‘घट’ दाखवायला वावच नव्हता, शहाणपणाचा दंड! आणि धोकादायक माणसे मोकळी फिरतात, गुन्ह्याला बळी पडणाऱ्यांचा विचार कोण करतो, असा पोलिसांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही.

१२/
सर्वांत मर्मभेदी टीका मात्र सुधारणेच्या बाजूच्या अभ्यासकाकडून आली. पॉल लर्मन यांनी १९७५ साली दाखवून दिले, की राज्याच्या संस्थांत न गेलेली कित्येक मुले काउंटीच्याच कोठडीत वरचेवर डांबली जात होती. पाटी बदलली होती, कुलूप तेच होते. कारण अनुदान मोजत होते ते केवळ ‘राज्याकडे किती पाठवले’ एवढेच.

१३/
दरम्यान मिनेसोटा राज्याने १९७३ साली आणखी एक पाऊल टाकले. सहभागी काउंट्यांना समाजाधारित उपक्रमांसाठी राज्याचे अनुदान द्यायचे, आणि किरकोळ स्वरूपाच्या गुन्हेगाराला त्यांनी राज्याच्या तुरुंगात पाठवलेच, तर त्याचा खर्च त्याच अनुदानातून वळता करायचा. तुळशीपत्र ठेवायचे तर स्वतःच्या घरावर!

१४/
कॅलिफोर्नियात मात्र वारे फिरले. १९७६ साली पॅट ब्राउन यांचेच पुत्र, गव्हर्नर जेरी ब्राउन, यांनी ठरावीक मुदतीच्या शिक्षांचा कायदा संमत केला. १९७८ च्या जूनमध्ये ‘प्रस्ताव १३’ने मालमत्ता कराला लगाम घातला, काउंट्यांचे उत्पन्न आटले. त्याच वर्षी १९६५ च्या योजनेची जागा दुसऱ्या अनुदानाने घेतली आणि मूळ सूत्र संपले.

१५/
पुढे शिक्षा वाढत गेल्या, १९९४ साली ‘थ्री स्ट्राइक्स’ कायदा आला. १९८० च्या सुमारास राज्याच्या तुरुंगांत साधारण २५ हजार कैदी होते, २००६ साली १ लाख ७० हजारांहून अधिक! व्यायामशाळांत तीन मजली खाटा लागल्या. गव्हर्नर श्वार्झनेगर यांना ऑक्टोबर २००६ मध्ये तुरुंगांसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली.

१६/
तेव्हा जुनेच सूत्र नव्या रूपात परतले. २००९ च्या कायद्यानुसार, परिवीक्षेवरील जितकी कमी माणसे तुरुंगात जातील, तितका राज्याच्या बचतीतला वाटा काउंटीला मिळू लागला. पहिल्याच वर्षी अशी रवानगी सुमारे २३ टक्क्यांनी घटली. यावेळी देखरेखीच्या पद्धती संशोधनावर आधारलेल्या असाव्यात, अशी अपेक्षाही स्पष्ट होती.

१७/
मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्दी नियोजित क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत उतरवण्याचा आदेश कायम केला. पुन्हा गव्हर्नर झालेल्या जेरी ब्राउन यांनी त्याच वर्षी कमी गंभीर गुन्हेगारांची जबाबदारी निधीसह काउंट्यांकडे सोपवली. काहींनी तो निधी उपचारांवर खर्चला, काहींनी स्थानिक कोठड्यांवर. लर्मन यांचा इशारा पुन्हा खरा ठरला.

१८/
२०१४ च्या ‘प्रस्ताव ४७’ने वाचलेल्या पैशाची वाटणीच लिहून ठेवली : ६५ टक्के मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीसारख्या उपक्रमांना, २५ टक्के शाळांना, १० टक्के गुन्ह्याच्या बळींना. १९६५ मध्ये निसटलेली बाजू, म्हणजे बळी पडलेला माणूस, निदान हिशेबात तरी आली.

१९/
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा आली आहे. तिच्याकडे पाहताना कॅलिफोर्नियाचे तीन प्रश्न विचारावेत : देखरेख कोण करणार, त्याचा पगार कोण देणार, आणि यश मोजायचे कशावरून? कायद्याच्या पुस्तकात शिक्षेचे नाव असते; ती प्रत्यक्षात उतरते की नाही, हे अंदाजपत्रकात वाचावे लागते.